पोषणशिक्षणातील ‘संस्कृती’ : एका संकल्पनेचे परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रौढांना आहारविषयक शिक्षण द्यावयाचे ते त्यांच्या संस्कृतीस अनुकूल असावे, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जीन रिची यांचा पोषणशिक्षणाच्या पद्धतींवरील अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजतागायत या विषयावरील लेखनात हे तत्त्व या ना त्या रूपाने आढळते. मग इतक्या सर्वमान्य तत्त्वाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, एखादे तत्त्व सर्वमान्य झाले म्हणजे त्याचा अर्थ विचारण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही, आणि अर्थ न विचारता केलेला त्याचा वापर कालांतराने त्या तत्त्वाच्याच मुळावर येतो.

पोषणविषयक तक्ते, भित्तिपत्रके व पुस्तिका चाळल्यास ‘संस्कृतीस अनुकूल’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ लक्षात येतो. मूळ संदेश अन्यत्र ठरलेला असतो. चित्रातील बाईस लुगडे नेसविले जाते, पावाच्या जागी भाकरी काढली जाते, मजकूर प्रादेशिक भाषेत आणला जातो, आणि अनुकूलनाचे काम संपले असे मानले जाते. येथे संस्कृती म्हणजे संदेशावर चढविलेला वेष होय. दुसऱ्या प्रकारच्या लेखनात संस्कृतीची दखल अधिक गंभीरपणे घेतलेली असते, परंतु ती अडसर म्हणून; लोकांच्या समजुती या ज्ञानाच्या मार्गातील धोंडी असून त्या दूर कशा साराव्यात, एवढाच विचार तीत असतो. संस्कृती म्हणजे लोकांनी अनुभवातून साठविलेले आणि तपासून घेण्याजोगे ज्ञान, हा तिसरा अर्थ क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा तिसरा अर्थ स्वीकारल्यावाचून अनुकूलन ही केवळ सजावट ठरते. त्याचबरोबर हा अर्थ स्वीकारूनही शिक्षणाच्या सामर्थ्यास एक मर्यादा उरतेच, आणि ती झाकण्यासाठी ‘संस्कृती’ या शब्दाचा उपयोग होता कामा नये. विवेचनासाठी प्रथम आफ्रिका व बंगाल येथील दोन जुनी उदाहरणे घेतली असून, नंतर मराठी आहारभाषेचा आणि शेवटी व्हिएतनाममधील एका प्रयोगाचा विचार केला आहे.

२. एका शब्दातील निदान

पोषणशास्त्राच्या इतिहासातील एक प्रसिद्ध संज्ञा लोकभाषेतून आलेली आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टर गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करीत असता त्यांना एक ते चार वर्षांच्या मुलांत सूज, त्वचेवरील चट्टे व चिडचिडेपणा ही लक्षणे एकत्र आढळू लागली. या मुलांचा आहार प्रामुख्याने मक्याचा होता. या रोगाचे वर्णन त्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९३५ च्या लेखात त्यास ‘क्वाशिऑरकर’ हे नाव दिले. हा शब्द त्या भागातील गा भाषेतला आहे. पुढचे मूल जन्मास आल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलास जो रोग होतो तो, असा त्याचा आशय आहे.

हा शब्द नुसता रोगाचे नाव सांगून थांबत नाही. रोग कोणाला होतो, केव्हा होतो आणि कोणत्या घटनेनंतर होतो, हे सर्व त्यात आलेले आहे. ज्या स्त्रियांनी तो शब्द वापरात ठेवला त्यांना प्रथिन हा पदार्थ ठाऊक नव्हता, परंतु स्तनपान अकाली तुटणे आणि मुलाचे खंगणे यांतील संबंध त्यांनी अचूक ओळखला होता. विल्यम्स यांचे मोठेपण असे की, त्यांनी तो शब्द अज्ञानाचा नमुना म्हणून टिपला नाही, तर निरीक्षण म्हणून स्वीकारला. त्याच विल्यम्सबाईंनी १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात, तान्ह्या मुलांसाठी डब्याच्या गोड दुधाचा प्रचार करणाऱ्यांवर कठोर टीका केली. म्हणजे मातांच्या शब्दाला मान देणारी हीच दृष्टी बाहेरून आलेल्या ‘शिक्षणा’कडे संशयाने पाहण्यासही समर्थ होती. या दोन गोष्टी एकाच वृत्तीतून निघतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

३. ‘अडसर’ या कल्पनेचा प्रवास

संस्कृतीचा दुसरा अर्थ, म्हणजे अडसर, रूढ होण्यास डेरिक जेलिफ यांचे लेखन बऱ्याच अंशी कारणीभूत झाले. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील बालकांच्या आहाराविषयी त्यांचा निबंध १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘सांस्कृतिक अडसर’ हा शब्दप्रयोग त्याच्या शीर्षकातच आहे. गावात किंवा घरात असलेले पौष्टिक अन्नही समजुतींमुळे लहान मुलाच्या मुखापर्यंत पोहोचत नाही, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. ते चुकीचे होते असे नाही. असे अडसर खरोखरच असतात, आणि ते दाखवून देणे आवश्यकही होते.

तथापि जेलिफ यांचे सर्व म्हणणे एवढेच नव्हते. स्थानिक रूढींची त्यांनी चार गटांत विभागणी सुचविली होती : हितकारक, निरुपद्रवी, अहितकारक आणि ज्यांविषयी निश्चित काही सांगता येत नाही अशा. पहिल्या गटातील रूढींस पाठबळ द्यावे, दुसऱ्या व चौथ्या गटांतील रूढींच्या वाटेस जाऊ नये, आणि केवळ तिसऱ्या गटातील रूढी बदलण्याचा प्रयत्न करावा, असा त्या विभागणीचा व्यावहारिक अर्थ होतो. पुढील काळातील प्रचारसाहित्याने या विवेकातील ‘अडसर’ तेवढा उचलला आणि चार गटांची विभागणी ग्रंथातच राहू दिली. परिणामी पुष्कळशा साहित्यात रूढी म्हटली की ती तिसऱ्याच गटातील, असे गृहीत धरलेले दिसते. ‘हे खाऊ नका असे वडीलधारे सांगतात, परंतु ते चूक आहे’ या एकाच साच्यात सर्व उपदेश ओतला जातो.

या साच्यात आणखी एक दोष आहे. सांगणाऱ्याचे ज्ञान स्थिर व पूर्ण आहे, आणि ऐकणाऱ्याचे तेवढे बदलावयाचे आहे, असे त्यात धरलेले असते. पोषणशास्त्राचा इतिहास या गृहीतकास पुष्टी देत नाही. १९६० नंतरच्या दशकात अविकसित देशांतील कुपोषण म्हणजे मुख्यतः प्रथिनांचा तुटवडा, असे जागतिक संस्थांचे मत होते. येऊ घातलेल्या ‘प्रथिनसंकटा’विषयी संयुक्त राष्ट्रांचा अहवाल १९६८ मध्ये निघाला. याच सुमारास मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, जे रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते, आणि हैदराबादचे सी. गोपालन हे वेगळेच सांगत होते. नेहमीचे धान्य-डाळीचे अन्न पोटभर मिळाले तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते, आणि जेथे ती भागत नाही तेथे मुळात अन्नच अपुरे असते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. डोनाल्ड मॅकलारेन यांनी १९७४ मध्ये या सर्व प्रथिनमोहिमेस ‘महान फजिती’ ठरविणारा लेख लिहिला, तेव्हा कोठे दिशा बदलली. त्यानंतरच्या काळात लोह, जीवनसत्त्वे व आहारातील विविधता यांवर भर आला, आणि प्रथिनांच्या प्रतीचा विचारही पुन्हा होऊ लागला.

शास्त्राने आपले मत बदलावे यात कमीपणा काहीच नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु ज्या घरात ज्वारीच महिनाअखेर पुरत नाही त्या घरातील बाईस ‘प्रथिनयुक्त पदार्थ खा’ असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, आणि ‘पोटाला पुरत नाही’ हे तिचे साधे उत्तर अडाणीपणात जमा झाले, याची नोंद मात्र झाली पाहिजे.

४. मराठी आहारभाषेचा पुरावा

आता मराठीकडे वळू. पोषणविषयक मराठी साहित्यातील परिभाषा पाहिली असता भाषेचा एक संपूर्ण थर वगळला गेला आहे, असे दिसते. प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे हे शब्द शास्त्रीय लेखनास आवश्यक आहेत. त्यांविषयी तक्रार नाही. परंतु घरातील बोलण्यात अन्नाचा विचार ज्या शब्दांनी होतो ते शब्द निराळे आहेत : जड आणि हलके, उष्ण आणि थंड, बाधणे, मानवणे, पथ्य, ताकद, अंगी लागणे. ही परिभाषाही व्यवस्थित आहे. तिच्यात कारण आहे, परिणाम आहे आणि अपवादही आहेत. जिला ही परिभाषा ठाऊक आहे ती शिकणारी कोरी पाटी नव्हे.

परिभाषेकडे दुर्लक्ष केल्याने होणाऱ्या घोटाळ्याचे एक उदाहरण पुरे आहे. सहा महिन्यांनंतर मुलास आईच्या दुधाबरोबर जे अन्न सुरू करावयाचे त्यास पुस्तिकांत ‘पूरक आहार’ म्हणतात. एकात्मिक बालविकास योजनेतून, जी १९७५ मध्ये सुरू झाली, अंगणवाडीत जे अन्न मिळते त्यासही ‘पूरक पोषण आहार’ असेच नाव आहे. पहिले आईने घरी करावयाचे, दुसरे शासनाने पुरवावयाचे. दोन्हींस जवळजवळ एकच नाव दिल्यावर ‘पूरक आहार सुरू केला का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘पाकीट आले नाही’ असे मिळाले, तर दोष कोणाचा? बायकांच्या बोलण्यात या गोष्टीस ‘वरचे अन्न’ हा सरळ शब्द आहे. शिवाय उष्टावणाचा संस्कार हा वरचे अन्न सुरू करण्याचा काळ दाखवितो, आणि तो काळ शास्त्राने सांगितलेल्या काळाच्या आसपासच येतो. संस्कार झाला म्हणजे रोजचे भरविणे सुरू झाले असे नव्हे, हे खरे. पण नेमके हेच शिकवावयाचे आहे. आणि ते शिकविण्यास उष्टावणाइतका सोयीचा आरंभ दुसरा नाही.

दुसरे उदाहरण चिकाचे. बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध पिळून टाकून देण्याची चाल भारताच्या अनेक भागांत नोंदविली गेली आहे. ते साचलेले, बाळास न पचणारे, अशी तिच्यामागील समजूत. ही रूढी निःसंशय अहितकारक आहे, कारण त्या दुधात रोगप्रतिबंधक द्रव्ये भरपूर असतात. परंतु हेच दूध मराठीत ‘चीक’ या नावाने ओळखले जाते, आणि गाई-म्हशीच्या चिकाला मराठी घरात मोठा मान आहे. त्याचा खरवस करतात, तो शेजारीपाजारी वाटतात. साध्या दुधाचा असा खरवस होत नाही. चिकात प्रथिने पुष्कळ असल्यामुळे तो उष्णतेने घट्ट होतो, हे प्रत्येक गृहिणीने डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणजे चीक हे सामान्य दूध नव्हे, त्यात काही अधिक आहे, हे ज्ञान त्या घरात आहेच. ते गोठ्यापुरते राहिले आहे एवढेच. ‘वासराच्या वाट्याचा चीक आपण मागून घेतो, मग बाळाच्या वाट्याचा का टाकावा?’ हा प्रश्न बायकांच्या बैठकीत विचारला गेला, तर प्रतिकारशक्तीचा तक्ता उलगडण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असेल. येथे रूढीचे खंडन त्याच संस्कृतीतील दुसऱ्या ज्ञानाने होते. तिसऱ्या अर्थाने अनुकूलन म्हणावयाचे ते हेच.

तिसऱ्या उदाहरणात सावधगिरीची बाजू येते. नाचणीचे सत्त्व लहान मुलांस देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. धान्याची पेज शिजताना फुगते. मुलाचे पोट लहान असल्याने पोट भरते, पण पुरेशी ऊर्जा मिळत नाही, आणि पातळ करावी तर ती आणखीच निःसत्त्व होते, ही बालाहारातील मोठी अडचण आहे. धान्यास मोड आणले असता त्यात पिष्टाचे विघटन करणारे विकर तयार होते, आणि अशा पिठाची पेज दाट न होता अधिक पीठ सामावून घेते. भारतीय संशोधकांनी या तत्त्वाचा अभ्यास १९८० नंतरच्या दशकात केला. मोड आणण्याची रीत घरोघरी त्याआधीपासूनच होती. येथवर परंपरेचा गौरव रास्त आहे. परंतु ‘सत्त्व’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या कृती ओळखल्या जातात. एकीत नाचणीला मोड आणून, ती वाळवून तिचे पीठ करतात. दुसरीत भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका तेवढा वाळवितात. दुसऱ्या कृतीत हाती येते ते मुख्यतः पिष्ट. चोथ्याबरोबर नाचणीतील पुष्कळसे पोषणद्रव्य टाकले जाते. शिवाय मोडाचे धान्य फार भाजले तर विकरही नष्ट होते. केवळ ‘आपली जुनी पद्धत उत्तम’ असे सांगणारा शिक्षक हा भेद करू शकणार नाही, आणि ‘जुन्या पद्धती सोडा’ असे सांगणाराही करू शकणार नाही. जो चुलीपाशी बसून कृती विचारून घेईल, त्यालाच तो दिसेल. संस्कृतीस ज्ञान मानणे म्हणजे तिची आरती करणे नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. ज्ञान म्हटले की त्याची तपासणी आलीच.

५. व्हिएतनाममधील प्रयोग आणि त्याची मर्यादा

आतापर्यंत केलेला विचार व्यवहारात कसा उतरू शकतो, याचे उत्तम उदाहरण व्हिएतनाममध्ये सापडते. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेतर्फे जेरी व मोनिक स्टर्निन हे दांपत्य १९९० च्या अखेरीस तेथे गेले. थान्ह होआ प्रांतातील खेड्यांत त्यांनी कोणताही आहारतक्ता पुढे केला नाही. गावातील लोकांकडूनच मुलांची वजने करवून त्यांनी एक प्रश्न विचारला : अगदी गरीब असूनही ज्यांची मुले धडधाकट आहेत अशी घरे गावात आहेत काय? अशी घरे निघाली. तेथील आया भातखाचरांतील बारीक कोळंबी व खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालीत, दिवसातून अधिक वेळा थोडेथोडे भरवीत आणि हात धुण्याबाबत दक्ष असत. हे पदार्थ फुकट मिळणारे होते. परंतु लहान मुलांस ते योग्य नव्हेत, असा सर्वसाधारण समज होता. मग इतर आयांनी या पदार्थांची मूठभर शिधा घेऊन एकत्र यावे, एकत्र रांधावे व मुलांस भरवावे, अशी योजना झाली. व्याख्यानापेक्षा करण्यावर भर होता, आणि शिकविणारी बाई शेजारचीच होती.

कोकणातील वाचकास येथे जवळा, सुकट व मुठे आठवल्यावाचून राहणार नाहीत, आणि देशावरील वाचकास तांदुळजा, शेवग्याचा पाला, टाकळा. हे पदार्थ फुकट वा स्वस्त आहेत, म्हणूनच ते हलके मानले जातात, ही गोष्टही दोन्हीकडे सारखीच आहे.

या प्रयोगाची कीर्ती पुष्कळ झाली आहे. म्हणून त्याची मर्यादाही नोंदविणे न्याय्य ठरेल. उत्तर व्हिएतनाममधील अशाच कार्यक्रमाच्या तुलनात्मक परीक्षणाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वाढीवरील लाभ सरसकट सर्व मुलांत दिसला नाही. वयाने लहान व आधीच अधिक कुपोषित असलेल्या मुलांत तो दिसला. म्हणजे ही पद्धत उपयुक्त आहे, पण रामबाण नव्हे. शिवाय तिचा पायाच असा आहे की, गावात कोणते तरी पोषक अन्न फुकट उपलब्ध असले पाहिजे. खाचरात कोळंबी नसेल, किंवा खाचरच दुसऱ्याचे असेल, तर शेजारणीचे शहाणपण कोठवर पुरणार?

६. कोणाची संस्कृती, कोणाचा खर्च

येथे दोन प्रश्न टाळता येत नाहीत. पहिला असा की, ‘संस्कृती’ म्हणताना कोणाची संस्कृती अभिप्रेत असते? २०१५ मध्ये मध्य प्रदेशात आदिवासी भागातील अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि राज्यशासनाने तो नाकारला. ज्या मुलांना अंडी मिळावयाची होती त्यांच्या घरी अंडे निषिद्ध नव्हते. निषिद्ध होते ते ठरविणाऱ्यांच्या घरी. संस्कृतीस अनुकूल म्हणजे शिकणाऱ्याच्या संस्कृतीस अनुकूल, देणाऱ्याच्या नव्हे, एवढी साधी गोष्टही वेगळी सांगावी लागते. घराच्या आतही हाच प्रश्न आहे. उपदेश नेहमी आईस केला जातो. परंतु बाजार कोणी करावा, दूध विकावे की घरी ठेवावे, सुनेने काय खावे, हे बहुधा इतर कोणी ठरवितात. आणि सर्वांचे झाल्यावर जेवणारी जी, तीच आहारशिक्षणाची एकमेव विद्यार्थिनी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. हा आकडा केवळ स्त्रियांच्या अज्ञानाचा मानावयाचा असेल, तर घरातील पुरुषांच्या व सासवांच्या वर्गांचे काय, हे विचारावे लागेल.

दुसरा प्रश्न पैशाचा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नसुरक्षाविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये जगातील सुमारे २८० कोटी लोकांस आरोग्यदायी आहार परवडत नव्हता, आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत अशांचे प्रमाण ७१ टक्क्यांहून अधिक होते. ज्याला फळ परवडत नाही त्याला फळाचे महत्त्व सांगणे हे शिक्षण नव्हे. या संदर्भात अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचे काम मार्गदर्शक आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात गावातील, बव्हंशी निरक्षर, स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या. पण तेथे नुसते आहाराचे धडे दिले गेले नाहीत. पाणी, शेती, स्त्रियांची मंडळे व जातिभेद हे प्रश्नही त्याच कामाचे भाग मानले गेले. आहाराचा धडा त्यामुळे करता येण्याजोगा झाला.

७. समारोप

वरील विवेचनावरून पोषणशिक्षणाच्या कोणत्याही साहित्याची परीक्षा करण्यास काही कसोट्या सुचतात. धडा तयार करण्यापूर्वी शिकणाऱ्यांस काही विचारले गेले काय, आणि त्यांच्या उत्तराने धड्यात काही बदलले काय? त्यातील शब्द घरात बोलले जाणारे आहेत काय? रूढींमध्ये हितकारक, निरुपद्रवी व अहितकारक असा विवेक केला आहे काय? सांगितलेली गोष्ट त्या घराच्या आजच्या मिळकतीत करता येईल काय? आणि येत नसेल, तर तसे स्पष्ट म्हटले आहे काय?

यांतील शेवटची कसोटी सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यासाठी शिक्षकास आपल्या विषयाची सीमा मान्य करावी लागते. बाई समजून उमजूनही मुलाला डाळ घालीत नसेल, तर तिच्या समजुतीत दोष शोधण्यापूर्वी तिच्या डब्यात डाळ आहे की नाही हे पाहिले पाहिजे. डबा रिकामा असल्यास ती बाब प्रौढशिक्षणाकडून मजुरीच्या दराकडे व शिधावाटपाकडे जाते, आणि तसे अहवालात लिहिणे हेही शिक्षकाचेच काम आहे. ते न लिहिता ‘सांस्कृतिक अडसर’ अशी नोंद करणे सोपे असते. अशा नोंदी आजवर पुष्कळ झाल्या आहेत. यापुढे त्या करण्यापूर्वी डब्याचे झाकण एकदा उघडून पाहावे, एवढीच या परीक्षणाची मागणी आहे.